पाटीवर ह्यांचं नाव

आमच्या ह्यांचं नाव मी घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, तेही बायकांच्या गलक्यात आणि इतकं हळू की शेजारी उभ्या असलेल्या नणंदेलाही ऐकू गेलं नाही. मी शिकलेली बाई आहे. उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवण्यात गेला. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, ही समजूत खुळी आहे हे मी स्वतः वर्गात शिकवलंय, फळ्यावर ‘अंधश्रद्धा’ असं ठळक लिहून. त्याच वर्गात त्या नावाची दोन पोरं होती आणि हजेरी घेताना मी दोघांनाही आडनावानं पुकारायची. बँकेत, दवाखान्यात कुणी विचारलं की मी आधार कार्ड पुढे करते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, त्यातली मी.

ह्यांना त्यांच्या आजोबांचं नाव ठेवलेलं. सासूबाईंना ते पडलं सासऱ्याचं नाव, म्हणून त्यांनी पोटच्या पोराला जन्मभर ‘थोरल्या’ म्हणून हाक मारली. एका घरात आम्ही दोघी बायका आणि दोघींनाही ते नाव वर्ज्य. घरात त्या नावाचा माणूस दिवसभर वावरायचा, भाकरी खायचा, एसटीच्या ड्यूटीवर जायचा, आणि त्याचं नाव मात्र फक्त पोस्टमन घ्यायचा.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं त्याच नावावरून झालं.

आमचं गाव भूम तालुक्यात, ईटच्या अंगाला. पाण्याची बोंब पाचवीला पुजलेली. स्मशानाकडे जाणारा रस्ता ओढ्याच्या कडेनं जातो, आणि तो सगळा रस्ता उघडाबोडका. कुणी गेलं तर माणसं डोक्यावर टॉवेल धरून उभी राहायची. दोन पावसाळ्यांमागे ग्रामपंचायतीनं ठराव केला की या रस्त्याला दुतर्फा झाडं लावायची. आमच्या सरपंचबाई माझ्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी ग्रामसभेत डोकं लढवलं. म्हणाल्या, सरकारी झाडाला कुणी पाणी घालत नाही हे मला माहीत आहे, पण बापाच्या नावच्या झाडाला घालाल. प्रत्येक घरानं आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं एक झाड लावायचं, झाडाला पंचायत पत्र्याची पाटी करून देणार, आणि पाणी घालायची जबाबदारी त्या घराची. उन्हाळ्यात तालुक्याहून समिती येणार, किती झाडं जगली ते बघणार. सभेत टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

ह्यांनी आजोबांच्या नावानं कडुलिंब लावला. आई-वडलांचं सोडून आजोबा का, असं मी विचारलं, तर म्हणाले, “आई-बापानं जल्माला घातलं, पर शाळंत आज्यानं घातलं. न्हायतर म्या आज शेरडं वळली असती.”

बायका स्मशानात जात नाहीत. सरपंचबाईसुद्धा झाडं लावायच्या दिवशी वळणावरच्या बाभळीपाशी थांबल्या आणि नारळ त्यांनी तिथंच फोडला. आम्ही सगळ्या त्यांच्यामागे. पुढं पुरुष कुदळ-फावडी घेऊन गेले. त्यामुळं ती पाटी मी प्रत्यक्षात पाहिलीच नाही. पाहिली ती मोबाइलवर.

पाट्या आल्या तेव्हा ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर एकेकाचे फोटो पडायला लागले. पाट्या लहान, म्हणून पेंटरनं वडलांचं नाव गाळून नुसतं नाव आणि आडनाव लिहिलेलं, अक्षर मात्र टपोरं, रस्त्यावरून वाचता येईल असं. ह्यांचा फोटो आला. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, चेहऱ्यावर एखादं बक्षीस मिळाल्यासारखं हसू, एक हात लिंबाच्या काडीवर. आणि छातीच्या बरोबर पुढे पाटी. त्यावर ‘कै.’ आणि त्यापुढं ह्यांचं नाव, ह्यांचं आडनाव.

फोन तसाच हातात धरून मी चुलीपाशी बसून राहिले.

ग्रुपवर तोवर कुणीतरी हात जोडलेली चित्रं टाकली होती. एकानं टाकली की बाकीचे न वाचता टाकतातच. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ अशी रांग लागली. संध्याकाळी सोनारीहून ह्यांच्या मामेभावाचा फोन आला. मी उचलला, तर पलीकडून एकदम हुंदका.

“वैनी, कसं झालं वं? आन् आमाला कळवलं बी न्हाय!”

हे समोर भाकरी-पिठलं खात होते. माझ्या हातातला फोन घेतला आणि घास तोंडात असतानाच म्हणाले, “म्याच बोलतोय. जेवतोय. तू जेवलास का?”

नंतर हसता हसता ठसका लागला त्यांना. म्हणाले, “आगं, मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतंय. म्हातारी मानसं सांगत्यात. मला दहा वर्सं फुकट मिळाली.” मी म्हटलं, पाटी बदलून घ्या. वडलांचं नाव मध्ये घाला, म्हणजे कोणते ते कळेल. तर म्हणाले, “खोटं काय हाय त्यात? आज्याचंच नाव हाय. आजा कैलासवासीच हाय.” कायद्यानं ते बरोबर होते. मला कायदा नको होता.

मी सरपंचबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “बाई, एक पाटी बदलली की दहा जण येतील रंग आवडला न्हाय म्हणून. तपासणी होऊ द्या.” शेजारच्या काकू म्हणाल्या, तुम्हीच जा की भूमला पेंटरकडं, सांगा त्याला. जाते म्हटलं. बाजारच्या दिवशी एसटीनं गेलेसुद्धा, त्याच्या दुकानापर्यंत. त्यानं ब्रश डब्यात ठेवला आणि विचारलं, “काय नाव टाकायचं?” मी पिशवीत आधार कार्ड शोधलं, ते घरी राहिलेलं. मग मी म्हटलं, पुढच्या वेळी येते. आणि मेथीची जुडी घेऊन घरी आले. त्या दिवसाइतका माझा मलाच राग कधी आला नव्हता.

आणि मग दिवाळीच्या आधी, ज्वारीची पेरणी चालू असताना, ह्यांच्या छातीत कळ आली.

बार्शीला नेलं. एक नस बंद होती, तिथं रिंग बसवली. डॉक्टर सज्जन होता. म्हणाला, ओझं उचलायचं नाही, उन्हात फिरायचं नाही, आणि ही गोळी कायम खिशात ठेवायची, कळ आली की जिभेखाली धरायची. काउंटरवर नर्सनं पेशंटचं नाव विचारलं तेव्हा मी फाइल तिच्यापुढे सरकवली.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून एक हिशेब जाईना. पाटी आधी लागली, छाती नंतर दुखली. मुलीला पुण्याला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, आई, तू विज्ञान प्रदर्शनाला पोरं न्यायचीस ना? नेत होते. पण वाईट बोललेलं खरं ठरतं हेही मी पाहिलंय. तिकडं स्मशानाच्या रस्त्याला माझ्या नवऱ्याच्या नावाची ‘कै.’ची पाटी वाऱ्यात हलत होती, आणि इकडं मी रात्री त्यांच्या घोरण्याकडं कान लावून पडत होते. घोरणं थांबलं की माझा श्वास थांबायचा. कूस बदलून ते परत घोरायला लागले की मग मला झोप लागायची.

उन्हाळा आला. बोअर आटले, टँकर सुरू झाला. चैत्र संपता संपता एका सकाळी मी अंगणात सडा टाकत होते. सडा कसला, भांड्याचं उरलेलं पाणी. ग्रामपंचायतीचा स्पीकर खरखरला. आमच्या पंचायतीचा शिपाई स्पीकरवर बोलताना नेहमीच घाईत असतो, निम्मे शब्द गिळतो. आदल्या दिवशी त्यानं रस्त्यानं फिरून वाळत चाललेल्या झाडांच्या पाट्या वाचून आणल्या होत्या.

“गावकरी मंडळींना कळवण्यात येतंय की,” तो म्हणाला, आणि मग ‘कैलासवासी’ म्हणून ह्यांचं नाव अख्ख्या गावाला ऐकू गेलं. “यांची अवस्था लई खराब हाय. वाचंल असं दिसत न्हाय. घरच्यांनी ताबडतोब पानी घिऊन यावं.”

‘झाड’ हा शब्द त्यानं गिळला होता.

माझ्या हातातली बादली पडली. शेवटचं पाणी तोंडात घालतात ते मला दिसलं, तुळशीचं पान, सगळं. मी धावत आत गेले. हे बाजेवर बसून दाढी करत होते, एका गालावर साबण.

“ऐकलंस का?” म्हणाले. “मला पानी घिऊन ये.” आणि आरशात बघून हसले.

मी त्यांच्यावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. मी रडत होते, आणि ते गालावरचा साबण तसाच ठेवून उभे होते. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आगं, लिंबाला पानी न्हाय. माझी फिकीर करू नगं.” पण त्यांच्याही चेहऱ्यावरचं हसू गेलेलं मी पाहिलं. त्यानंतर त्यांना त्या झाडाची काळजी लागली. म्हणायचे काही नाहीत, पण कपडे धुतलेलं पाणी फेकू देईनात.

माझं म्हणणं इतकंच होतं की स्वतः जायचं नाही. काकूंचे यजमान त्यांच्या झाडाला जातात, ते आपल्या झाडालाही दोन तांबे घालतील. हे मान्य झालं. ते रोज विचारायचे, कसं हाय आमचं झाड? काकूंचे यजमान म्हणायचे, तग धरून आहे. एक दिवस म्हणाले, शेंडा वाळला. त्या दिवशी हे नीट जेवले नाहीत आणि मीही.

मला त्या झाडाचा राग होता. पण ते वाळावं असं मात्र मला एकदाही वाटलं नाही. ते वाळलं तर काय होईल याचा विचार मी पुरा होऊ देत नव्हते.

समिती येणार त्याच्या आदल्या दिवशी स्पीकरवर सांगितलं, ऊन उतरल्यावर प्रत्येक घरातलं माणूस आपापल्या झाडापाशी पाणी घेऊन हजर पाहिजे. मी ह्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, “न्हाय जात गं.” दुपारी माझा डोळा लागला. जागी झाले तेव्हा बाज रिकामी, दारातली सायकल नाही, आणि न्हाणीतले दोन्ही कॅन गेलेले.

मी चपला घालून निघाले. निम्म्या वाटेवर वारा सुटला. वैशाखातला तो वारा, पाऊस न आणणारा, नुसती माती उठवणारा. तोंडावर पदर धरून मी वळणापर्यंत पोचले. बाभळीखाली पाच-सहा बायका डोकी झाकून उभ्या होत्या, त्यांत शेजारच्या काकूही. पुढं रस्ताच दिसत नव्हता. मातीत कुठं कुठं पांढरे सदरे हलत होते. जवळच्या एका खांबाला ह्यांची सायकल टेकलेली होती, एक कॅन तिला बांधलेला, दुसरा नाही.

मी हाक मारली, “अहो!”

“ओ!” धुळीतून उत्तर आलं. आणि लगेच दुसरीकडून, “ओ!” आणि आणखी एक लांबून. प्रत्येकाला वाटलं आपलीच बायको. तीन पुरुष तोंडं वळवून माझ्याकडं बघत होते, आणि त्यातला एकही माझा नव्हता.

मी परत ओरडले, “अहो! अहो, कुठं आहात?” परत तेच. कुणाचा तरी भलताच आवाज. जन्मभर मी त्यांना ज्या नावानं हाक मारली ते सगळ्या गावाचं नाव होतं, हे मला तिथं कळलं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. काकू म्हणाल्या, “बाई, थांबा, पुढं नगा जाऊ.” मी बाभळ ओलांडली.

आणि मी त्यांचं नाव घेतलं.

एकदा घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं, मग मोजलं नाही. नुसतं नाव, मागंपुढं काही न लावता, शेतातल्या गड्याला मारावी तशी हाक, फुप्फुसात होती तेवढी हवा काढून. वारा माझ्या तोंडात माती भरत होता आणि मी थुंकत होते आणि परत ओरडत होते. ती पाटी कुठं होती कुणास ठाऊक. असेल तिथं तिनंही ऐकलं असेल.

खालून, ओढ्यातून, अगदी बारीक आवाज आला. “ओ.”

ओढ्याच्या कोरड्या पात्रात माणसांनी झिरा खणला होता, वाटी-वाटीनं पाणी पाझरायचं असा खड्डा. कॅन भरायला ते तिथं उतरले होते. मी घसरत खाली गेले. ते काठाला पाठ लावून बसले होते. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम, हात सदऱ्याच्या खिशावर. गोळीची पट्टी खिशातच होती, बोटांना ती फाडता येत नव्हती. मी दातानं फाडली आणि गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली. मग वर तोंड करून माणसांना हाका मारल्या.

माणसं येईपर्यंत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. थोड्या वेळानं ते बोलायला लागले. मी म्हटलं, बोलू नका. ते काय ऐकतात!

“आदुगर ऐकलं म्या ‘अहो’,” ते म्हणाले. “म्हनलं कुनाची तरी बायको वरडतीय. म्हून ओ दिली न्हाय.” दम घेतला. “मग नावानं हाक ऐकली. बाईचा आवाज. आपल्या घरात तर ह्ये नाव कुनी बाई घेतच न्हाय. मला वाटलं, मेल्यावर कसली बंदी, आजीच आज्याला हाक मारतीया. म्हनलं, चला, आलं बोलावनं.”

“मग ओ का दिलीत?” मी विचारलं.

“आजी मेल्यावर बी इतकी चिडंल असं वाटलं न्हाय. तवा वळखलं.”

गावातल्या जीपनं बार्शीला नेलं. वाटेत मी त्यांचा हात सोडला नाही. काउंटरवर तीच की दुसरी नर्स होती, तिनं पेन हातात घेऊन विचारलं, “पेशंटचं नाव?” फाइल घरी राहिली होती. मी नाव सांगितलं, वडलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, सगळं स्पष्ट, शाळेत सांगतात तसं. तिनं लिहून घेतलं. काही कोसळलं नाही. डॉक्टर म्हणाला, वेळेत आणलंत.

समिती दुसऱ्या दिवशी येऊन गेली म्हणे. आम्ही बार्शीलाच होतो. आमच्या लिंबाला त्या दिवशी काकूंच्या यजमानांनी पाणी घातलं, आणि त्यानंतर मी घालते. बाभळीच्या पुढं जाते. पहिल्या दिवशी माणसं बघत होती, आता बघत नाहीत. आता चार-दोन बायकाही येतात. शेंड्याखाली एक फुटवा फुटलाय, तो चांगला हिरवा आहे.

भूमला मी परत गेले. पेंटरनं ब्रश डब्यात ठेवून विचारलं, काय नाव? मी आजेसासऱ्यांचं नाव सांगितलं, मध्ये त्यांच्या वडलांचं, आणि आडनाव. त्यानं पाटी थोडी मोठी केली. वाळल्यावर कागदात गुंडाळून मी ती एसटीत मांडीवर घेऊन आले.

हे ओसरीवर बसले होते. कागद सोडून त्यांनी पाटी लांब धरली, चष्मा वर केला, पहिल्या अक्षरापासून वाचली. म्हणाले, “हां. आता आजाच झाला ह्यो.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “म्हंजे माझी पाटी अजून कोरीच हाय म्हनायची.”

मला परत मोबाइलवरचा तो फोटो दिसला. ती भीती जात नाही, आता कायमचीच आहे. ते हसत होते आणि मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांना नावानं हाक मारली, घरातल्या घरात, हातभर अंतरावरून.

त्यांचं हसू थांबलं. पाटी मांडीवर ठेवली त्यांनी.

“ओ,” म्हणाले.